शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व उलटी

शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व उलटी हा भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर, मुख्यतः पहिल्या २४ तासांत, उद्भवणारा त्रास आहे. मळमळ, कोरडे उमासे आणि प्रत्यक्ष उलटी ही त्याची तीन रूपे असून ती एकत्र किंवा सुटी सुटी आढळतात. शस्त्रक्रिया झालेल्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे तिघांना हा त्रास होतो. ज्यांच्या बाबतीत धोक्याची कारणे एकवटलेली असतात, अशा रुग्णांत काहीच प्रतिबंध न केल्यास हे प्रमाण दहापैकी सात-आठांवर जाते.

हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत शमतो आणि जिवावर क्वचितच बेततो. त्यामुळे 'भूल दिली की उलटी व्हायचीच' अशी समजूत रुग्णांत व नातेवाइकांत रूढ आहे, आणि काही प्रमाणात ती रुग्णालयांतही आढळते. ही समजूत बरोबर नाही. कोणाला त्रास होण्याचा संभव अधिक आहे हे शस्त्रक्रियेपूर्वी बऱ्याच अंशी सांगता येते, त्याला प्रतिबंध करता येतो आणि तो सुरू झाल्यास उपचारही करता येतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत, भुलीनंतरच्या अनिष्ट परिणामांपैकी कोणता सर्वांत नकोसा वाटतो असे रुग्णांना विचारले होते. रुग्णांनी उलटीला पहिला क्रमांक दिला. जखमेची वेदना तिच्या खाली आली.

संज्ञा

'मळमळ' ही केवळ रुग्णाला जाणवणारी अवस्था आहे. 'उमासा' येताना पोटाचे व छातीचे स्नायू आकुंचन पावतात, पण तोंडावाटे काही बाहेर पडत नाही. जठरातील पदार्थ जोराने बाहेर पडणे म्हणजे उलटी. तिलाच ओकारी किंवा वांती असेही म्हणतात. आयुर्वेदातील 'वमन' हा शब्द मात्र येथे वापरणे योग्य नाही, कारण वमन हे पंचकर्मांपैकी एक असून ते हेतुतः घडवून आणले जाते. रोगलक्षण म्हणून होणाऱ्या उलटीला आयुर्वेदात 'छर्दी' हा स्वतंत्र शब्द आहे.

हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा ठरतो. उलटी दिसते, मोजता येते आणि तिची नोंद होते. मळमळ दिसत नाही. रुग्ण डोळे मिटून निपचित पडलेला असतो, तो शांत झोपला आहे असे पाहणाऱ्याला वाटते आणि उपचार राहून जातो. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णाला वेदनेप्रमाणेच मळमळीबद्दलही स्पष्ट शब्दांत विचारावे आणि शून्य ते दहा या मापावर तिची तीव्रता नोंदवावी, अशी पद्धत आहे.

इतिहास

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि वेदनारहित शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. उलटीची तक्रार त्यामागोमागच आली. इंग्लंडमधील वैद्य जॉन स्नो यांनी १८४८ मध्येच तिचे वर्णन केले होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर हलवल्यास उलटी होते, असे त्यांचे निरीक्षण होते. लंडनमधील कॉलऱ्याच्या साथीचा माग एका सार्वजनिक पंपापर्यंत काढणारे ते हेच स्नो. ईथरच्या काळात बहुसंख्य रुग्णांना उलट्या होत. पुढे नवी भूलद्रव्ये आली तसे हे प्रमाण घटले, पण ती थांबली नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲलर्जीविरोधी व मनोविकारांवरील काही औषधांचा उलटी थांबवण्याचा गुण वापरात आला. १९९० च्या दशकात ऑनडॅनसेट्रॉन आले. कर्करोगावरील औषधांमुळे होणाऱ्या उलट्यांसाठी पुढे आलेले हे औषध लवकरच शस्त्रक्रियागृहातही रुळले.

शरीरातील यंत्रणा

उलटीचे नियंत्रण मेंदूच्या खोडातील चेतापेशींच्या एका जाळ्याकडे असते. त्याच्याकडे अनेक मार्गांनी संदेश येतात. मेंदूच्या चौथ्या पोकळीच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागाला रक्त व मेंदू यांमधील संरक्षक पडद्याचे कवच नसते, त्यामुळे रक्तातील औषधे व विषद्रव्ये तेथे थेट जाणवतात. आतड्याच्या अस्तरातील पेशी सेरोटोनिन सोडतात आणि तो संदेश व्हेगस चेतेमार्फत वर पोचतो. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी इंद्रियेही याच केंद्राला जोडलेली आहेत. रुग्णाला खाटेवरून स्ट्रेचरवर झटक्याने हलवल्यास उलटी होते, ती याच वाटेने. भीती, वास आणि पूर्वीच्या वाईट अनुभवाची आठवण यांचे संदेश मेंदूच्या वरच्या भागांतून येतात.

या वाटांवर सेरोटोनिन, डोपामिन, हिस्टामिन, ॲसिटिलकोलीन, 'पदार्थ पी' असे वेगवेगळे रासायनिक दूत काम करतात. एक औषध सहसा एकच वाट अडवते. एका औषधाने भागले नाही, तर त्याचीच मात्रा वाढवत नेण्यापेक्षा दुसऱ्या वाटेवरचे औषध देणे अधिक उपयोगी ठरते, ते यामुळेच. पुढील सर्व उपचारपद्धती या एका तत्त्वावर उभी आहे.

धोक्याचे मूल्यमापन

जर्मन भूलतज्ज्ञ ख्रिश्चन ॲपफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जर्मनी व फिनलंडमधील रुग्णांच्या अभ्यासातून एक सुटसुटीत गुणांकपद्धती मांडली. तिच्यात चारच बाबी आहेत : रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर उलट्या झालेल्या असणे किंवा गाडी लागण्याची सवय असणे, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय वेदनाशामके द्यावी लागणार असणे. प्रत्येक बाबीला एक गुण. एकही गुण नसेल तर त्रासाचा संभव सुमारे १० टक्के असतो. पुढे एक, दोन, तीन व चार गुणांना तो अनुक्रमे सुमारे २०, ४०, ६० व ८० टक्के होतो.

धूम्रपान करणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, ही गोष्ट चमत्कारिक वाटते, पण ती अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसली आहे. अर्थात फुप्फुसांवरील व जखम भरण्यावरील दुष्परिणाम पाहता, शस्त्रक्रियेपूर्वी धूम्रपान सोडावे हा सल्ला त्यामुळे बदलत नाही. भारतात सिगारेट किंवा विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण अत्यल्प आहे. त्यामुळे येथील बहुतेक स्त्रीरुग्णांचे दोन गुण आरंभीच भरतात, आणि शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन, फेंटानिल किंवा ट्रॅमाडॉल द्यायचे ठरले की तिसराही मिळतो. घाटात एसटी लागणारी स्त्री गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आली, तर तिचे चारही गुण पूर्ण होतात. तपासणीच्या वेळी 'बस लागते का?' हा प्रश्न यासाठी विचारायचा असतो. तो विचारला गेला नाही, तर रुग्णाने आपणहून सांगणे हिताचे असते. मागील शस्त्रक्रियेनंतर उलट्या झाल्या होत्या ही माहिती तर कोणत्याही रक्तचाचणीत मिळत नाही.

या चार बाबींखेरीज पन्नाशीच्या आतील वय, हुंगवून दिलेली भूल, नायट्रस ऑक्साइडचा दीर्घ वापर, लांबलेली शस्त्रक्रिया आणि पित्ताशयावरील, स्त्रीरोगविषयक व दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रिया यांनीही धोका वाढतो.

प्रतिबंध

पहिला उपाय भुलीच्या निवडीत असतो. हात, पाय किंवा ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत पूर्ण भुलीऐवजी तेवढाच भाग बधिर करता आला, तर धोका पुष्कळ कमी होतो. पूर्ण भूल आवश्यकच असेल, तर हुंगवण्याच्या द्रव्यांऐवजी शिरेतून प्रोपोफॉल देऊन ती टिकवता येते आणि नायट्रस ऑक्साइड टाळता येतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल, दाहशामक औषधे आणि चेता बधिर करणारी इंजेक्शने यांचा मेळ घातल्यास अफूवर्गीय औषधांची गरज घटते. शिरेतून पुरेसे द्रव देणेही उपयोगी ठरते. दीर्घकाळ कोरडा उपास घडवण्यास आता आधार उरलेला नाही. जठर रिकामे होण्यास अडथळा आणणारा विकार नसेल, तर नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी घन आहार सहा तास व पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास बंद ठेवणे पुरते.

दुसरा उपाय प्रतिबंधक औषधांचा. या संदर्भात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला ॲपफेल व सहकाऱ्यांचा अभ्यास पायाभूत मानला जातो. अधिक धोका असलेल्या ५,१९९ रुग्णांवर सहा उपायांच्या ६४ जुळण्या त्यात तपासल्या गेल्या. ऑनडॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन व ड्रोपेरिडॉल या तिन्ही औषधांनी प्रत्येकी सुमारे २६ टक्क्यांनी धोका कमी केला. विशेष म्हणजे या तिघांत सरस-निरस काही आढळले नाही, आणि प्रत्येकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून नव्हता. एकही औषध न दिलेल्यांत ५२ टक्के रुग्णांना त्रास झाला. एक, दोन व तीन औषधे दिलेल्यांत तो अनुक्रमे ३७, २८ व २२ टक्क्यांना झाला.

या आकड्यांतून व्यवहारातील नियम निघतो. ज्या १०० रुग्णांपैकी ८० जणांना त्रास होणार आहे, त्यांना एक औषध दिल्यास सुमारे २० जण वाचतात. जेथे मुळात दहाच जणांना त्रास होणार आहे, तेथे तेच औषध शंभर जणांना देऊन दोघा-तिघांचाच लाभ होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या चौथ्या मार्गदर्शिकेने एक किंवा दोन धोकादायक बाबी असलेल्या प्रौढांना वेगवेगळ्या गटांतील दोन, आणि त्याहून अधिक बाबी असल्यास तीन-चार उपाय योजावेत, असे सुचवले आहे.

उलटी सुरू झाल्यावरचे उपचार

प्रतिबंध करूनही काही रुग्णांना उलटी होतेच. अशा वेळी औषधाकडे वळण्यापूर्वी श्वासमार्ग सुरक्षित करावा लागतो. रुग्ण पुरता शुद्धीवर नसेल, तर उलटीतील पदार्थ श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. म्हणून त्याला कुशीवर वळवतात, खाटेची डोक्याकडची बाजू खाली करतात, तोंडातील द्रव नळीने ओढून घेतात आणि प्राणवायू देतात. पूर्ण शुद्धीत असलेल्या रुग्णाला आधाराने बसवता येते. पोटावर टाके असतील, तर उमाशाच्या वेळी जखमेवर उशी धरून हलका आधार दिल्याने टाक्यांवरचा ताण कमी होतो. जबड्याच्या शस्त्रक्रियेत दात तारेने बांधलेले असल्यास तार कापण्याची पक्कड रुग्णाच्या उशाशीच ठेवलेली असावी लागते.

यानंतर कारण शोधायचे. प्रत्येक उलटी भुलीमुळेच होते असे नाही. रक्तदाब उतरणे हे एक नेहमीचे कारण आहे. कण्यात भूल देऊन केलेल्या सिझेरियनच्या वेळी स्त्रीला अचानक मळमळू लागले, तर प्रथम रक्तदाब पाहतात. द्रव व फिनाइलएफ्रिनसारखी रक्तदाब वाढवणारी औषधे दिली की मळमळ बहुधा तेवढ्यानेच थांबते. प्राणवायूची कमतरता, रक्तातील साखर घटणे, अनावर वेदना, टॉन्सिल किंवा नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर गिळले गेलेले रक्त, चालू असलेले मॉर्फिन, तुंबलेले मूत्राशय ही कारणेही तपासावी लागतात. पोट फुगलेले असून हिरवट उलट्या होत असतील, तर आतड्याच्या अडथळ्याची शंका घेतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नव्याने सुरू झालेली उलटी हे कवटीतील दाब वाढल्याचे चिन्ह असू शकते. हृदयविकार असलेल्या रुग्णात छातीत न दुखताही हृदयाचा रक्तपुरवठा खंडित होऊन केवळ मळमळ व घाम दिसू शकतो. ही तपासणी न करता उलटी थांबवण्याचे इंजेक्शन देणे म्हणजे घंटा बंद करून आग तशीच ठेवणे होय.

औषधाची निवड आधी काय दिले होते यावर ठरते. प्रतिबंधक औषध दिलेच नसेल, तर शिरेतून ४ मिलिग्रॅम ऑनडॅनसेट्रॉन हा सर्वसाधारण पहिला पर्याय आहे. ते आधी दिलेले असेल आणि सहा तास झाले नसतील, तर तेच पुन्हा देऊन फारसा लाभ होत नाही. दुसऱ्या गटातील औषध द्यावे लागते. हा नियम सर्वमान्य असूनही, सवयीने ऑनडॅनसेट्रॉनचेच दुसरे इंजेक्शन दिले जाते. शस्त्रक्रियागृहात काय दिले याची नोंद वॉर्डातील परिचारिकेपर्यंत पोचली नाही, तर हे टाळणे अवघडच असते. सहा तासांनंतर, दुसरा पर्याय उपलब्ध नसल्यास, तेच औषध पुन्हा देता येते. डेक्सामेथासोन व कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी यांचा परिणाम सावकाश सुरू होतो, म्हणून तातडीच्या वेळी केवळ त्यांवर विसंबत नाहीत.

प्रमुख औषधे

ऑनडॅनसेट्रॉन व त्याच्या गटातील ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही औषधे सेरोटोनिनची वाट अडवतात. त्यांनी गुंगी येत नाही, हा त्यांचा मोठा गुण. डोकेदुखी व बद्धकोष्ठता हे सामान्य दुष्परिणाम होत. ऑनडॅनसेट्रॉनने हृदयाच्या विद्युत्-आलेखातील क्यूटी अंतर लांबू शकते, त्यामुळे तशी प्रवृत्ती असलेल्या किंवा पोटॅशियम कमी असलेल्या रुग्णात काळजी घेतात. पॅलोनोसेट्रॉनचा रक्तातील अर्धायुकाल सुमारे ४० तास असल्याने त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ४ ते ८ मिलिग्रॅम मात्रेत भुलीच्या आरंभी देतात. जाग्या रुग्णाला ते शिरेतून वेगाने दिल्यास गुह्यभागी तीव्र खाज किंवा आग होते, म्हणून ते भूल लागल्यावर देणे बरे. मधुमेहींमध्ये रक्तशर्करा वाढते, त्यामुळे तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. त्याने जखमेत जंतुसंसर्ग वाढेल ही भीती बराच काळ होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ८ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने असा संसर्ग वाढल्याचे आढळले नाही.

डोपामिनची वाट अडवणाऱ्यांत ड्रोपेरिडॉल, हॅलोपेरिडॉल व मेटोक्लोप्रमाइड येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये हृदयतालाच्या धोक्याबद्दल ठळक इशारा दिल्यानंतर ड्रोपेरिडॉलचा तेथील वापर झपाट्याने घटला; उलटीसाठी लागणाऱ्या अल्प मात्रेला तो लागू करावा का, यावर भूलतज्ज्ञांत पुष्कळ वाद झाला. मेटोक्लोप्रमाइड स्वस्त व सर्वपरिचित आहे, पण नेहमीच्या १० मिलिग्रॅम मात्रेत या कामी ते दुबळे ठरते. त्याने तरुणांत व मुलांत मान-जबडा आखडण्याचे प्रकार घडतात, आणि आतड्यात यांत्रिक अडथळा असल्यास ते देऊ नये. कंपवाताच्या रुग्णांना या गटातील ही तिन्ही औषधे टाळतात. याच गटातील ॲमिसलप्राइडच्या शिरेतून देण्याच्या रूपाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. प्रतिबंध फसल्यानंतरच्या उपचाराचाही त्या मान्यतेत समावेश आहे.

ॲप्रेपिटंट 'पदार्थ पी'ची वाट अडवते. भुलीपूर्वी ४० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. मळमळीपेक्षा उलटी रोखण्यात ते अधिक प्रभावी आहे. त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम सुमारे महिनाभर कमी होऊ शकतो. ही सूचना संबंधित स्त्रीला देणे आवश्यक असते. प्रोमेथाझिनने गुंगी येते, आणि ते शिरेबाहेर झिरपल्यास ऊती सडण्यापर्यंत इजा होऊ शकते.

कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये ५८५ अभ्यासांतील ९७,५१६ रुग्णांच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. ॲप्रेपिटंट, ग्रॅनिसेट्रॉन, डेक्सामेथासोन व ऑनडॅनसेट्रॉन यांच्या उपयुक्ततेचा भक्कम पुरावा त्यात मिळाला, आणि एकट्या औषधापेक्षा जोडीने दिलेली औषधे साधारणतः अधिक परिणामकारक दिसली.

औषधांविना उपाय

मनगटाच्या आतल्या बाजूस, घडीपासून सुमारे तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मध्ये एक बिंदू आहे. चिनी वैद्यकात त्याला 'नेइगुआन' म्हणतात. त्यावर दाब दिल्याने किंवा सुई टोचल्याने त्रास काही अंशी कमी होतो, असे अनेक चाचण्यांच्या आढाव्यात आढळले असून त्याचे दुष्परिणाम किरकोळ आहेत. इंजेक्शनपूर्वी त्वचा पुसण्याच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हुंगवल्याने काही रुग्णांना लवकर आराम पडतो. आल्याबाबतचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. नातेवाइकांनी मायेने पाजलेला लिंबाचा किंवा आल्याचा रस रुग्ण पुरता शुद्धीवर नसताना धोक्याचा ठरू शकतो. तहान नसताना आग्रहाने पाणी पाजण्यानेही उलटी वाढते. रुग्णाने मागितल्यावर, परवानगी असल्यास, घोटघोट द्यावे.

लहान मुले

मळमळ कशी वाटते हे लहान मुलांना सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत केवळ उलटीचाच विचार केला जातो. तीन वर्षांच्या आत हा त्रास कमी आढळतो आणि त्यानंतर वाढत जातो. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाहून लांबणे, तिरळेपणावरील शस्त्रक्रिया, आणि मुलाला स्वतःला पूर्वी किंवा आई-वडील-भावंडांना असा त्रास झालेला असणे ही धोक्याची मुख्य कारणे होत. टॉन्सिल काढल्यानंतरही उलट्या अधिक होतात. ऑनडॅनसेट्रॉन वजनाच्या प्रति किलोग्रॅमला ०.१ मिलिग्रॅम, कमाल ४ मिलिग्रॅम, आणि त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन ही प्रचलित पद्धत आहे. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर उलटीत लाल ताजे रक्त दिसल्यास, किंवा मूल सारखे काही गिळत असल्यास, रक्तस्राव चालू असल्याची शंका घेऊन तत्काळ तपासणी करावी लागते.

घरी गेल्यानंतर

त्याच दिवशी घरी सोडण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या तशी या प्रश्नाची एक नवी बाजू पुढे आली. अमेरिकेतील अशा २,१७० रुग्णांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ३७ टक्के रुग्णांना घरी गेल्यावर ४८ तासांच्या आत मळमळ किंवा उलटी झाली. रुग्णालयात दिलेल्या ऑनडॅनसेट्रॉनचा परिणाम तोवर ओसरलेला असतो, वाटेत गाडीचे हादरे बसलेले असतात आणि जवळ शीर उपलब्ध नसते. धोका अधिक असलेल्यांना दीर्घकाळ टिकणारे औषध देतात किंवा जिभेवर विरघळणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉनच्या गोळ्या बरोबर देतात. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल लिहून दिले असेल आणि प्रत्येक गोळीनंतर मळमळत असेल, तर ते बदलून देण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. पाणीही पोटात न ठरणे, लघवी फार कमी होणे, पोट फुगून वायू न सरणे, उलटीत रक्त येणे, ताप येणे, तसेच डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उलटीबरोबर डोळा तीव्र दुखू लागणे, यांपैकी काहीही घडल्यास घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.